भावात चुकलेली तारीख

मांडीतली गाठ मला कधी दुखली नाही. टोमॅटोचं क्रेट लागलं असेल म्हणत वर्षभर अंगावर काढली. लिंबाची मोसंबीएवढी झाली, तेव्हा एका दवाखान्यात ‘चरबीची गाठ’ म्हणून काढून टाकली. तुकडा तपासायला गेलाच नाही, मीही विचारलं नाही. आठ महिन्यांत टाक्यांच्या कडेला पुन्हा टणक लागायला लागलं.

परळच्या टाटा हॉस्पिटलात आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी. निघाला सार्कोमा, म्हणजे मांसातला कॅन्सर. पाच आठवड्यांत २५ वेळा रेडिएशन, मग जुन्या व्रणासकट भोवतीचं चांगलं मांसही घेऊन ऑपरेशन. डॉक्टरांना विचारलं, परत येईल का? ते म्हणाले, गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल, ग्रेड वरचा किंवा कडेला पेशी उरलेल्या, तर धोका जास्त. परतली तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्याच जागी, नाहीतर फुफ्फुसात. म्हणून दर तीन महिन्यांनी जागा दाखवायची, छातीचा फोटो काढायचा.

दीड वर्ष मी तारीख पाळली. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं २० किलोचं क्रेट दोन हजारांवर गेलं. तोडायला माणसं मिळेनात. पाय धड होता, खोकला नव्हता. बायको म्हणाली, “अहो, तारीख आलीय.” मी म्हणालो, “भाव उतरला की जाऊ.” गेलो ऑक्टोबरात. फोटोत उजव्या फुफ्फुसावर ठिपका. एकच होता, म्हणून काढता तरी आला. जुलैत तो केवढा होता, हा प्रश्न अजून रात्री झोपू देत नाही.

जुन्नर-आंबेगावातल्या माझ्या माणसांनो, वाढणारी, खोलवरची गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका, आणि सुईच्या तपासणीआधी तिला ब्लेड लावू देऊ नका. पॅथॉलॉजीचा कागद हातात घ्या. मार्जिन, म्हणजे कापलेली कड, मोकळं आहे का, हे तोंडाने विचारा. उपचार संपले तरी आंघोळ करताना व्रणावरून बोटं फिरवा. पैशाची अडचण असेल तर रेशनकार्ड, आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा.

माझी फाइल आता बाजाराच्या हिशेबपट्ट्यांशेजारी त्याच खिळ्याला असते. तारखेच्या आठवड्यात तोडा आला, तर क्रेट मोजायला धाकट्या भावाला आधीच सांगून ठेवतो.