शहराच्या उजेडात ग्रह ओळखा

अकोला जिल्ह्यातील हिवरखेडला रात्री शेताच्या बांधावर उभे राहा. उत्तरेला सातपुड्याची काळी रेषा आणि वर असंख्य चांदण्या! तेच आकाश अकोला शहरातील गच्चीवरून पाहिले, तर मोजक्याच चांदण्या उरतात. दिव्यांच्या उजेडात मंद तारे बुडून जातात. शुक्र व गुरू मात्र तेथूनही ठळक दिसतात.

पण ते ओळखायचे कसे?

पहिली खूण जागेची. ग्रह सूर्य-चंद्राच्या वाटेजवळूनच फिरतात. म्हणून ऐन उत्तरेला, डोंगरावर टेकलेला ठिपका ग्रह नसतो.

दुसरी वेळेची. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही. मध्यरात्री डोक्यावर दिसणारा तेजस्वी गोल शुक्र नव्हे.

तिसरी खूण लुकलुकण्याची. तारा आपल्याला बिंदूएवढा, तर ग्रह म्हणजे लहानशी चकती. त्यामुळे हवेच्या हालचालीने ग्रहाचा प्रकाश फारसा थरथरत नाही. क्षितिजाजवळ मात्र ग्रहही लुकलुकतो. तेव्हा या एकाच खुणेवर विसंबू नका.

खरी परीक्षा चालीची. वहीत तो ठिपका व शेजारचे तीन तारे काढा, तारीख लिहा. महिन्याने पुन्हा काढा. तारे तसेच आणि ठिपका सरकलेला, तर तो ग्रह! २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू व शनी एकमेकांपासून अवघ्या ०.१ अंशावर आले होते. रोज पाहणाऱ्यांना ते आधीपासूनच जवळ येताना दिसत होते. त्यासाठी दुर्बीण लागली नाही; वही, पेन्सिल आणि चिकाटी पुरली.