विजेची वर्दी

वैशाख-ज्येष्ठात दुपार कलली की विदर्भ-मराठवाड्याच्या आकाशात काळे ढग दाटून येतात. याच दिवसांत शिवारात पेरणीपूर्वीची मशागत चाललेली असते व गुराखी रानात असतात. पाऊस येताच माणसे झाडाचा आसरा घेतात आणि तेथेच घात होतो. कारण उंच झाडावर वीज पडण्याचा संभव अधिक असतो.

पूर्वी गावावर संकट येणार असले, तर कोतवाल दवंडी पिटून वर्दी देई. पण क्षणात कोसळणाऱ्या विजेपुढे दवंडी कशी पुरणार? हे काम आता विज्ञानाने हाती घेतले आहे. वीज चमकते तेव्हा प्रकाश व ध्वनी यांबरोबर रेडिओ-लहरीही निघतात. त्या टिपणारी यंत्रे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने देशात ठिकठिकाणी बसविली आहेत. लहर एका यंत्राकडे आधी, तर दुसऱ्याकडे किंचित उशिरा पोहोचते. या फरकावरून वीज कोठे चमकली, हे गणिताने कळते. याच संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप आपल्या भोवतालच्या २० व ४० किलोमीटरच्या परिसरातील विजेचा इशारा देते.

ही वर्दी आपल्यापर्यंत यावी म्हणून घरातील मोठ्यांनी हे अ‍ॅप मोबाइलवर घेऊन आपली नोंद करावी व आपले स्थान कळविण्यास अनुमती द्यावी. नाहीतर आपण कोठे आहोत, हे यंत्राला उमगणार कसे? पूर, वादळ अशा अन्य संकटांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे अ‍ॅप आहे.

जेथे मोबाइलला रेंज नाही, तेथे आपले डोळे व कान हेच पहारेकरी. ध्वनी सुमारे ३ सेकंदांत १ किलोमीटर जातो. चमक दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, असे समजावे व तत्काळ पक्के घर गाठावे. घर दूर असेल, तर झाडे, पाणी व तारेचे कुंपण यांपासून दूर, पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे; आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आसरा सोडू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. म्हणून त्याला हात लावण्यास न भिता त्वरित मदत करावी.

वर्दी एकाच्या हाती येते. धोका मात्र साऱ्या शिवाराला असतो. शेजारच्या बांधावरील ज्या माणसाजवळ मोबाइल नाही, त्याला हाक मारून सावध करणे, हे वर्दी मिळालेल्याचे कर्तव्य होय. दवंडी पिटणारा कोतवाल तरी दुसरे काय करीत होता?

अभ्यास
१. पावसात झाडाखाली उभे राहणे धोक्याचे का?
२. वीज चमकल्यावर १२ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज किती दूर असेल?
३. ‘वर्दी देणे’, ‘घात होणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.