घाटाकडे उडण्यापूर्वी हवा कशी जोखावी?

प्रश्न : मी बारामतीत वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. पावसाळा सरताना छोटं विमान सह्याद्रीकडे न्यायचं तर निघण्यापूर्वी काय पाहावं? मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, सगळं ठीक दिसतं, तरी प्रशिक्षक थांबवतात.

उत्तर : प्रशिक्षक बरोबर आहेत. मेटार विमानतळावरची हवा सांगतो, डोंगरमाथ्यावरची नाही. शिवाय त्यातली ढगांची उंची विमानतळापासून मोजलेली असते. पुण्याच्या मेटारमध्ये ढगांचा तळ २,५०० फूट असेल, तर त्यात विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची, सुमारे १,९०० फूट, मिळवा. झाले ४,४००. कळसूबाई ५,४०० फूट. तेच ढग तिथवर पसरले असतील, तर शिखर पूर्ण झाकलेलं. ही बेरीज दरवेळी कागदावर करा.

मग वारा, तोही माथ्याच्या उंचीवरचा. पश्चिमेचा वारा कोकणातून घाट चढतो आणि आपल्या बाजूला उतरतो. विमानाला खाली दाबणारी हवा नेमकी इथेच भेटते. माथ्यावर २०-२५ नॉटच्या वर वारा असेल तर बेत रद्द करा. यात मला तडजोड मान्य नाही. वारा कमी असला तरी रांगेच्या किमान २,००० फूट वर राहा आणि तिच्याकडे ४५ अंशांत तिरके जा, म्हणजे चटकन मागे वळता येतं.

दुपारी ढग फुगतात, म्हणून सकाळ बरी. पण दऱ्यांतलं धुकं विरू द्या. निघताना लागोपाठचे दोन मेटार ताडून पाहा. तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर घटत असेल, तर विमान हँगरमध्येच राहू द्या.