वर्गातला भूकंपमापक : साहित्य कुठून जमवायचं?



भूकंपाच्या पाठात आपण फळ्यावर यंत्राची आकृती काढतो आणि पुढे सरकतो. मग "धक्का बसला की यात काय हलतं?" असं विचारून पाहा. बहुतेक मुलं "पेन" म्हणतात. प्रत्यक्षात जमिनीबरोबर हलतो तो खोका आणि त्यातला कागद. जड वजनाला टांगलेलं पेन जडत्वामुळे जवळजवळ जागेवर राहतं. हे सांगून पटत नाही, करून पटतं.

साहित्याला खर्च जवळजवळ नाही. बुटांचा खोका कुठल्याही चपलांच्या दुकानात मागितला तर मिळतो. कागदी पेला चहाच्या टपरीवरून, वाळू गावात चालू असलेल्या बांधकामावरून. कागदाच्या पट्टीसाठी किराणा दुकानातल्या बिलाच्या मशिनचा रोल उत्तम. तो नसेल तर जुन्या वह्यांची पानं कापून चिकटवा. सुतळी आणि स्केचपेन वर्गात असतंच.

खोका उभा करा, उघडी बाजू आपल्याकडे. पेल्याच्या तळाला भोक पाडून पेन टोक खाली ठेवून बसवा, भोवती वाळू भरा आणि पेला सुतळीने वरून टांगा. टोक कागदाला जेमतेम टेकायला हवं. खोक्याच्या मागच्या बाजूला तळाशी चीर पाडून पट्टी तिच्यातून ओवा. एकाने पट्टी सावकाश, एकसारखी ओढायची, दुसऱ्याने टेबल डावी-उजवीकडे हलवायचं.

इथे जरा थांबा. टेबल हळूहळू डोलवलं तर पेलाही त्याच्याबरोबर झोके घेतो आणि सगळा प्रयोग फसल्यासारखा वाटतो. झटकन, छोटे धक्के द्या. सुतळी जितकी लांब, तितका पेला स्थिर राहील. म्हणून पेला अर्धा भरून आणि काठोकाठ भरून, आखूड आणि लांब सुतळीवर, असं मुलांनाच करून पाहू द्या. माझ्या मते खरा पाठ यंत्र बनवण्यात नाही, या खटपटीत आहे.

आपल्याकडे "भूकंप कधी येणार ते हे यंत्र सांगेल का?" हा प्रश्न येतोच, विशेषतः ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी किल्लारीची आठवण सांगितली आहे त्यांच्याकडून. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावं झोपेत होती आणि दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर कोसळल्या. उत्तर स्पष्ट द्या : नाही. यंत्र धक्का नोंदवतं, आधी सांगत नाही. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंपही नोंदवला गेला, तो झाल्यावरच.

मोठ्या वर्गांसाठी आणखी एक. आधी वेगवान प्राथमिक लहरी येतात, मागून दुय्यम. दोन्हींमधल्या प्रत्येक सेकंदाला भूकंपाचं केंद्र साधारण 8 किलोमीटर दूर, असा ढोबळ हिशेब मुलांना गणितासारखा देता येतो.

पालकांकडे स्मार्टफोन असेल तर 'फायफॉक्स' हे मोफत ॲप फोनमधल्या सेन्सरने टेबलाच्या हादऱ्याचा आलेख दाखवतं. खोक्याची पट्टी आणि हा आलेख शेजारी ठेवा. पट्टीवर मात्र तारीख आणि कोणी टेबल हलवलं ते लगेच लिहून ठेवायला लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात.