सामासिक शब्दाचा सांधा

समासाचे प्रकार आणि त्यांचे विग्रह आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. सामासिक शब्द उच्चारताना त्याचे तुकडे नेमके कोठे पडतात, हा प्रश्न मात्र परीक्षेत येत नाही. म्हणून तो बहुधा वर्गातही येत नाही.

बजाजनगरचेच नाव घ्या. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्या परिसरात ही कामगारवस्ती वाढली. या नावात लिहिताना सहा अक्षरे आहेत. आता म्हणून पाहा : ब-जाज्-न-गर्. एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, ज्यांना आपण येथे अवयव म्हणू, ते चारच. 'बजाज'मधला शेवटचा 'अ' शब्दाच्या पोटात येऊनही मुकाच राहिला. दोन पदांमधील सांधा कानाला ऐकू येतो तो असा.

हा सांधा किती बळकट असतो, ते 'नगर' या पदावरूनच कळेल. 'नगरसेवक' आपण न-गर्-से-वक् असा उच्चारतो. 'नगर' अखंड राहते. परंतु त्याच सभागृहातला 'नगराध्यक्ष' नग्-रा-ध्यक्ष असा होतो. येथे 'नगर' आणि 'अध्यक्ष' यांचा संधी झाला, 'र'ला 'आ' मिळाला, आणि 'ग'मधला 'अ' गळाला. 'नगरात' म्हणतानाही हेच घडते. 'दौलताबाद'चा प्रकार निराळा नाही : दौलत आणि आबाद यांची सीमा 'ता' या एकाच अवयवात बुडून गेली आहे. तात्पर्य, नुसती पदे शेजारी बसली तर सांधा टिकतो. संधी झाला की अवयव त्याला जुमानत नाहीत. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना 'नगर-सेवक' असा तोडावा, 'नग-रसेवक' असा नव्हे, याचे कारण हेच.

नॉर्वेजियन भाषेतही सामासिक शब्द सलग लिहितात, आणि मुख्य अर्थ शेवटच्या पदात असतो. तेथे 'रॉइकफ्रित' म्हणजे धूम्रपानमुक्त. तोच शब्द तोडून 'रॉइक फ्रित' असा लिहिला, की 'खुशाल धूम्रपान करा' असा अर्थ निघतो! आपण हसण्याचे कारण नाही. 'पोटभर' हे अव्यय, तर 'पोट भर' ही आज्ञा. 'कामगार'मधील 'गार' हा फारसी प्रत्यय आहे, त्यामुळे काटेकोरपणे तो समास नव्हे. पण फलकावर 'काम गार' असे लिहिले तर काम थंडावल्याची वार्ता होते. इंग्रजीच्या सवयीने शब्द सुटे लिहिण्याची जी खोड वाढते आहे, ती मला तरी निरुपद्रवी वाटत नाही.

लेखनातही सांधा दिसतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार 'कवी' आणि 'गुरू' दीर्घ लिहावयाचे. पण समासात पूर्वपद म्हणून आले की 'कविसंमेलन', 'गुरुदक्षिणा'. मुळातच दीर्घ असलेली 'नदी' मात्र 'नदीकाठ'मध्ये तशीच राहते.

अस्सल मराठी शब्द याहून मोकळे वागतात. एकाच 'घोडा' शब्दापासून घोडागाडी, घोडदौड आणि घोडेस्वार हे तीन समास तीन रूपे घेऊन येतात. अवयव अनुक्रमे चार, दोन आणि तीन. विद्यार्थ्यांनी ते मोठ्याने म्हणून मोजून पाहावेत, आणि मग 'पाणी'पासून झालेल्या 'पाणवठा' व 'पाणीपुरवठा' या जोडीकडे वळावे.