इतिहासाच्या खेळांतील ऐच्छिक बिरुदें

प्रत्येक खेळ आपल्या नियमांवाटे एक गोष्ट शिकवीत असतो : जय कशास म्हणावें. बुद्धिबळांत राजा अडकला कीं डाव संपतो. त्या डावांत प्यादीं किती पडलीं याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. लांकडी प्याद्यांच्या बाबतींत यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु ज्या खेळांतील राज्यें, शहरें आणि माणसें खऱ्या इतिहासांतून घेतलेलीं आहेत, तेथें हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा राहत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच एका लहानशा बाजूनें विचार करावयाचा आहे.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांस संगणकावरील डावपेंचांचे खेळ ठाऊक असतील. 'यूरोपा युनिव्हर्सालिस' या मालिकेंतील चौथा खेळ स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओनें २०१३ सालीं काढला. त्याचा आरंभ ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशीं होतो. आदल्याच दिवशीं वार्ना येथील लढाईंत पोलंड व हंगेरी यांचा राजा व्लादिस्लाव्ह हा सुलतान दुसरा मुराद याच्या सैन्याशीं लढतांना पडलेला असतो. आपल्या बाजूस बहामनी सुलतान व विजयनगर हीं समोरासमोर उभीं आहेत. वास्को द गामाचीं जहाजें कालिकतास लागण्यास अजून ५४ वर्षांचा अवकाश आहे. खेळणारानें नकाशावरील एखादें राज्य निवडावें आणि त्याचें राजकारण, व्यापार, खजिना व सैन्य हें सर्व १८२१ सालापर्यंत चालवावें, असा हा खेळ आहे.

येथें जिंकण्याची एकच एक व्याख्या नाहीं. म्हणून खेळ रचणारांनीं शेंकडों अटी घालून ठेविल्या आहेत. अमुक राज्य घेऊन अमुक गोष्ट साधली, म्हणजे खेळणाराच्या नांवावर एक लहानसें चित्र व एक पदवी चढते. इंग्रजीत यास 'अचीव्हमेंट' म्हणतात. आपण या लेखापुरतें 'बिरुद' म्हणूं. बिरुद मिळाल्यानें खजिन्यांत एक मोहर वाढत नाहीं कीं सैन्यांत एक शिपाई वाढत नाहीं. त्याच्यामागें लागणें सर्वस्वीं ऐच्छिक आहे. मात्र तें हवें असेल तर डाव 'आयर्नमॅन' पद्धतीनें खेळावा लागतो, म्हणजे झालेली चूक पुसून मागील ठिकाणावरून पुन्हा आरंभ करण्याची सवलत सोडावी लागते.

ही प्रथा फार जुनी नाहीं. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील ॲक्टिव्हिजन ही कंपनी, ठराविक गुण मिळविल्याचें दाखविणारें पडद्याचें छायाचित्र टपालानें पाठविणारास भरतकामाचा कापडी बिल्ला देत असे. २००५ सालीं 'एक्सबॉक्स ३६०' या यंत्राबरोबर बिरुदें खेळांतच नोंदलीं जाऊं लागलीं, आणि पुढें ती पद्धत सर्वत्र रूढ झाली.

आतां या बिरुदांचें स्वरूप पहा. र्‍युक्यु या लहानशा बेटांच्या राज्यानें सारें जग आपल्या सत्तेखालीं आणावें, असें एक प्रसिद्ध बिरुद आहे. त्याचें नांव 'तीन पर्वत'. ग्रानाडाच्या मुसलमानी राज्यानें सारा इबेरिया जिंकावा, असें दुसरें. आयर्लंडमधील एखाद्या छोट्या सरदारानें सर्व ब्रिटिश बेटांचा धनी व्हावें, असें तिसरें. यांत कौतुक करण्याजोगें पुष्कळ आहे. 'तीन पर्वत' हें नांव वाचून ज्यास कुतूहल वाटेल, त्यास कळेल कीं ओकिनावा बेटावर पूर्वीं उत्तर, मध्य व दक्षिण अशीं तीन 'पर्वतराज्यें' होतीं आणि १४२९ सालीं शो हाशि यानें तीं एक केलीं. दुबळ्याची बाजू घेऊन विचार करावयास लावणें, हाही या बिरुदांचा मोठा गुण आहे. तथापि बहुतेकांची धांव एकाच दिशेनें आहे : अधिक प्रांत घ्या. याचें कारण उघड आहे. प्रांत मोजणें यंत्रास सोपें जातें. प्रांतांतील माणसांचें काय झालें तें मोजणें अवघड जातें.

तेव्हां चांगलें बिरुद कोणतें, याच्या तीन कसोट्या सांगतां येतील. पहिली : अट निःसंदिग्ध असावी. 'न्यायानें राज्य केलें' हें यंत्रास कळत नाहीं. 'दहा वर्षें कर्ज काढलें नाहीं' हें कळतें. दुसरी : राज्य, वर्ष व अट यांचा एकमेकांशीं इतिहासानें घातलेला संबंध असावा. तिसरी : अट पुरी करण्यास केवळ चिकाटी पुरी पडूं नये, एक लाभ सोडल्याखेरीज दुसरा हातीं लागूं नये, कारण राज्यकर्त्यांपुढील खरे प्रश्न असेच असतात. या कसोट्यांस उतरतील अशा पांच कल्पना पुढें मांडल्या आहेत.

१. 'तोफ ओतणारा'. बायझंटाईन राज्य घेऊन २९ मे १४५३ हा दिवस कर्जाविना ओलांडावा. ऑर्बान नांवाच्या तोफ ओतणाऱ्या कारागिरानें प्रथम बादशहा कॉन्स्टंटाईन याच्याकडेच चाकरी मागितली होती. परंतु त्यास द्यावयास खजिन्यांत पैसा नव्हता. तो सुलतानाकडे गेला, आणि त्याच्या तोफांनीं शहराचे तट फोडले. तटापूर्वीं खजिना ढांसळतो, हा धडा या अटींत आहे.

२. 'सेतु'. र्‍युक्यु घेऊन १६०९ सालापर्यंत एकही प्रांत न जिंकतां चीन, जपान, कोरिया व सयाम या चारही देशांशीं एकाच वेळीं स्नेह राखावा. वर सांगितलेल्या जगज्जयी बिरुदाचें हें अगदीं उलटें रूप आहे, आणि खऱ्या र्‍युक्यूच्या अधिक जवळचें आहे. १३७२ पासून ओकिनावाचा चीनच्या मिंग बादशहांशीं नजराण्याचा व्यवहार होता. त्या सवलतीच्या आधारें त्यांचीं जहाजें सयाम व मलाक्कापर्यंत जात आणि एका देशाचा माल दुसऱ्या देशास पोंचवीत. १४५८ सालीं ओतविलेल्या शुरी राजवाड्याच्या मोठ्या घंटेवर, आपलीं जहाजें म्हणजे अनेक देशांना जोडणारा पूल होय, अशा अर्थाचा लेख आहे. १६०९ सालीं जपानमधील सात्सुमाच्या सरदारानें स्वारी करून हें स्वातंत्र्य संपविलें. म्हणून तेंच वर्ष अटींत घातलें आहे. ज्याच्यापाशीं सैन्य नाहीं त्यानें सर्वांस उपयोगी पडून कसें जगावें, हें येथें शिकावयास मिळतें.

३. 'खंडणी'. एड्रियाटिक समुद्रावरील रागूझा, म्हणजे आजचें क्रोएशियांतील दुब्रोव्हनिक, हें नगरराज्य घेऊन १८०८ सालापर्यंत टिकावें, आणि एकदांही युद्ध पुकारूं नये. या नगरीनें १४५८ पासून तुर्की सुलतानास खंडणी दिली. पुढें ती रक्कम वर्षास १२,५०० डुकाट झाली. मोबदल्यांत तिच्या व्यापाऱ्यांस तुर्कांच्या विस्तीर्ण मुलुखांत मोकळेपणानें व्यापार करतां आला. १६६७ च्या भूकंपानें शहर जमीनदोस्त झालें, तरी राज्य उभें राहिलें. त्याचा शेवट १८०८ सालीं नेपोलियनचा सेनापति मार्मों याच्या हुकुमानें झाला. तरुण मनास खंडणी देणें अपमानाचें वाटतें. परंतु साडेतीनशें वर्षांची ती खंडणी आणि एका मोठ्या युद्धाचा खर्च हीं एकदां शेजारीं मांडून पहावीं. मग मत द्यावें.

४. 'अंबर'. ही कल्पना आपल्या घरची आहे. अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, निजामशाही घेऊन १६३६ नंतरही टिकावें, आणि युद्धांत आपला मुलुख उजाड होऊं देऊं नये. मुलुख किती उजाडला याचें माप खेळांत आहेच. यासाठीं डावाचा आरंभ मात्र १६०० सालापासून झाला पाहिजे. त्या वर्षीं मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला आणि राज्य बुडालें असें सर्वांस वाटलें. मलिक अंबर यानें राजघराण्यांतील एका मुलास गादीवर बसवून तें पुन्हा उभें केलें. १६१० सालीं त्यानें खडकी, म्हणजे पुढचें औरंगाबाद व आजचें छत्रपति संभाजीनगर, हें शहर वसविलें. जमिनीची पाहणी करून सारा बांधला. आणि १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजी राजे त्या लढाईंत त्याच्या बाजूनें लढले. शत्रूच्या मोठ्या फौजेस रसद मिळूं न देतां दमविणें, ही त्याची रीत होती. तिची अडचणही ध्यानांत घ्या : शत्रूची रसद तोडावयाची, तर शेतें आपलींच जळतात. फौज दमवावी आणि शेतकरी जगवावा, हा पेंच सुटला तरच हें बिरुद मिळावें. अंबर १६२६ सालीं मृत्यु पावला आणि दहा वर्षांत राज्य बुडालें.

५. 'सव्वा कोटि'. मलिक अंबर हा मूळचा हबसाण देशचा; लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला. वरील खेळांत साखर, मीठ, कापड यांच्याप्रमाणेंच 'गुलाम' हाही व्यापाराचा एक माल आहे. इतिहासांत तसें घडत होतें, म्हणून तें लपविणें बरें नव्हे. अटलांटिक समुद्रापार नेण्यासाठीं सुमारें सव्वा कोटि आफ्रिकन माणसें जहाजांवर चढविलीं गेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. परंतु खेळांत त्या मालाचा भाव दिसतो, माणूस दिसत नाहीं. म्हणून असें बिरुद असावें : कॅरिबियन बेटांवर उंसाचे मळे असलेलें राज्य घ्यावें; १७९१ पूर्वीं गुलामगिरी कायद्यानें बंद करावी; आणि त्यामुळें होणारी खजिन्याची तूट सोसून वीस वर्षें राज्य चालवावें. १७९१ सालीं फ्रान्सच्या सां-दोमिंग या वसाहतींत गुलामांनीं उठाव केला, आणि १ जानेवारी १८०४ रोजीं तेथें हैती हें स्वतंत्र राष्ट्र उदयास आलें. डेन्मार्कनें गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा १७९२ सालीं केला, आणि तो अमलांत १८०३ सालीं आला. ब्रिटननें तो व्यापार १८०७ सालीं बंद केला. राज्यकर्त्यांनीं आपण होऊन जें केलें नाहीं, तें करण्यास काय किंमत पडली असती, हें या बिरुदाच्या निमित्तानें आंकड्यांत कळेल. हिशेबाच्या वहींत जी तूट दिसते, ती पदवींत भूषण म्हणून दिसावी, हाच यांतील हेतु.

येथें पालक विचारतील कीं, या खेळांत मुलांचा वेळ फुकट जात नाहीं काय ? मर्यादा न राहिल्यास जातो, यांत शंका नाहीं. एक डाव संपण्यास कित्येक दिवसांचे तास लागतात. म्हणून वेळ आधीं ठरवून द्यावा. परंतु मूल खेळत असतांना त्यास तीन प्रश्न विचारावे : हें राज्य कां निवडलेंस ? या वर्षीं खरोखर काय घडलें होतें ? तुझ्या जयाची किंमत कोणी दिली ? ज्यास यांचीं उत्तरें देतां येतात, त्याचे ते तास सर्वस्वीं वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं. ज्यास तीं येत नाहींत, त्यास प्रथम ग्रंथालयाची वाट दाखवावी.

ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांनींही निराश होऊं नये. बिरुद मिळविण्यास यंत्र लागतें. तें रचण्यास वही, नकाशा आणि इतिहासाचें एक चांगलें पुस्तक पुरतें.

अभ्यास

(अ) १४४४ ते १८२१ या काळांतील एक राज्य निवडा आणि त्यासाठीं एक बिरुद रचा. अट एकाच वाक्यांत लिहा.

(आ) तेंच वर्ष व तीच अट कां घातली, हें इतिहासाच्या आधारें पांच वाक्यांत सांगा.

(इ) अट पुरी करण्यासाठीं खेळणारास कोणता लाभ सोडावा लागेल ?

(ई) तुमच्या अटींत कोणाचा हिशेब राहून गेला आहे काय ? असल्यास अट पुन्हा लिहा.