चाकावरची माती आणि सोलापूरची हवा

प्रश्न : वयाच्या ५४ व्या वर्षी कुंभारकामाच्या वर्गाला जाऊ लागले आहे. चाकावर माती मधोमध राहत नाही आणि वाटी सुकताना तळाला चीर पडते. वय आड येतंय का? घरी सरावाला शेतातली काळी माती चालेल? - एक वाचक, सोलापूर

उत्तर : वयाचा इथे संबंध नाही. माती मनगटाच्या जोरावर आवरायला जाल तर तीच तुम्हाला हलवील. कोपर मांडीला घट्ट टेकवा, अंगाचा भार हातावर येऊ द्या आणि हात स्थिर ठेवा. गोळा डोलत असताना त्यात अंगठा घालायची घाई नको. आधी माती नीट मळा, आत हवा राहू देऊ नका.

चिरेची कारणं बहुधा दोन. तळ बोटांनी दाबून घट्ट केलेला नसतो, आत पाणीही साचलेलं असतं. ते स्पंजाने टिपून घ्या. दुसरं कारण आपली हवा. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात काठ झरझर सुकतो, तळ ओलाच राहतो. पंख्याखाली ठेवू नका. प्लास्टिकने सैल झाका, काठ धरू लागला की वाटी पालथी घाला.

काळी माती नुसती वापरू नका. ती पाण्याने फुगते, सुकताना फार आकसते, म्हणून तडकते. कुंभार उगाच मातीत राख नि लीद मिसळत नाहीत! ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा प्रतीकात्मक विवाह कुंभारकन्येशी लावणाऱ्या या गावात विचारायला जाणकार सापडतील. कुंभारवाड्यात जरूर जा, मात्र दिवाळीच्या पणत्यांची धांदल टाळून.